साहेबाचं पथ्य

कुवेतमध्ये मी बॅचलर आहे. गावाला बायको आहे, मुलगी सासरी नांदते आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, डोक्यावरचे केस मोजता येतील इतके उरलेत, तरीही मी बॅचलर. इथल्या रिवाजाप्रमाणे ज्याची बायको त्याच्याजवळ राहत नाही तो बॅचलर, मग त्याला नातवंडं का असेनात. कुटुंबवाल्या इमारतीत आम्हाला कोणी जागा देत नाही, कारण बॅचलरांचा काय भरवसा. खैतानमध्ये ज्या एका इमारतीनं आम्हाला ठेवून घेतलंय, तिच्या पहिल्या मजल्यावर असे तीन बेभरवशाचे तरुण राहतात. मी, कुडाळकडचा एक सुतार आणि गुहागरचा एक एसी मेकॅनिक. तिघांची वयं बेरीज करून मागं मोजली तर सत्तावनच्या बंडाच्या आसपास पोचतात.

तिघंही एकाच कंपनीत. राई नावाच्या गोदामांच्या भागात आमचं मोठं गोदाम आहे. हॉटेलांची स्वयंपाकघरं उभी करून देण्याचा धंदा, म्हणजे माणूस आत जाऊन झोपेल एवढे फ्रीज, धुराडी, स्टीलची टेबलं. मी गोदामाचा सुपरवायझर. आणि आम्हा सगळ्यांच्या वर साहेब.

साहेब युरोपातला. देश कुठला ते सांगत नाही, उगाच एखाद्या वकिलातीला वाईट वाटायचं. थंड देश, एवढं पुरे. उंच, गोरा, आणि दुपारनंतर लाल. कंपनीचं मूळ ऑफिस त्याच्याच देशात, तिथूनच त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी इकडं पाठवलेला. कामाला वाघ. मराठी माणसानं साहेबाला वाघ म्हणावं असे दिवस आलेत, पण खरं ते खरं. समुद्राकाठी सालमियात त्याचा फ्लॅट होता, तीन झोपायच्या खोल्यांचा, आणि त्यात तो एकटा. एवढ्या जागेत आमच्याकडच्या तीन भावांचे संसार राहिले असते आणि वर भांडायला एक खोली शिल्लक उरली असती.

साहेबाचा दिवस आम्हाला पाठ होता. सकाळी काळी कॉफी आणि सिगरेट. दुपारी कॉम्प्युटरकडं बघत थंड सँडविच, डोळा पडद्यावर, तोंड आपलं आपण चालू. रात्री फ्रीझरमधला पुठ्ठ्याचा डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून त्यातलं जे काही असेल ते. या देशात दारूला बंदी आहे, त्यामुळे साहेब ती विकत घेत नसे. घरी करत असे. न्हाणीघरात द्राक्षाच्या रसाच्या बाटल्या मुरत ठेवलेल्या असायच्या, एसी दुरुस्त करायला गेलेल्या आमच्या मेकॅनिकनं त्या बघितल्या होत्या. त्याला वाटलं, साहेब आंघोळीला काहीतरी आयुर्वेदिक वापरतो.

याच साहेबाच्या हातून दर वर्षी आम्हाला आरोग्याची पुस्तिका मिळायची. मूळ ऑफिसात कुणी तरी बसून काढत असे. गुळगुळीत कागद, दाट हिरव्या रानात धावणारी गोरी म्हातारा-म्हातारी. आत युरोपातल्या माणसांना कशाकशानं धोका आहे ते सांगितलेलं. तंबाखू, दारू, मीठ, बसून काम करणं. आणि सर्वांत शेवटी एकटेपणा. एकट्यानं राहणं, एकट्यानं जेवणं. तंबाखूच्या पंगतीला एकटेपणा बसवलेला पाहून आम्हाला फार करमणूक झाली. साहेबानं ती पुस्तिका वाटली तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात सिगरेट होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण इंग्रजीत कशी सांगायची ते मला येत नव्हतं, म्हणून मी नुसता थँक्यू म्हणालो.

खोलीवर आल्यावर सुताराला मी ते शेवटचं पान वाचून दाखवलं. तिघं एका खोलीत, एक संडास, एक शेगडी, एकाला शिंक आली तर तिघं नाक पुसतात. सुतार खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "एकटेपणा? माका वायच खय गावता काय बघ."

त्यानंतर काही दिवसांनी साहेब पडला. गोदामात एका डीप फ्रीजरचा नंबर बघायला वाकला तो तिथंच बसला. छातीवर हात, चेहरा चुन्यासारखा. घाम एवढा की कोटाचा रंग बदलला. मी आणि मेकॅनिकनं त्याला पिकअपमध्ये घातला आणि जाब्रियाच्या हॉस्पिटलात नेला. तिथं दारातच नर्सनं विचारलं, "याच्याबरोबर कोण?" मी म्हणालो, मी. "तुम्ही याचे कोण?" आता काय सांगायचं. मी म्हणालो, "स्टोअर सुपरवायझर." तिनं मान हलवली आणि आत नेला त्याला. हृदयाची एक वाहिनी तुंबली होती. ती उघडून आत बारीकशी जाळीची नळी बसवली. साहेब वाचला.

दोन दिवसांनी डॉक्टर त्याच्या खाटेजवळ बसून प्रश्न विचारत होता. डॉक्टर इजिप्तचा, मोठ्या आवाजाचा, प्रेमळ माणूस. मी फळांची पिशवी घेऊन उभा होतो. घरी कोण असतं? कोणी नाही. स्वयंपाक कोण करतं? मायक्रोवेव्ह. जेवायला बरोबर कोण असतं? साहेबानं थोडा विचार केला आणि म्हणाला, टीव्ही. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "हे बघा, सिगरेट बंद, दारू बंद, मीठ बंद, हे मी सगळ्यांनाच सांगतो. तुम्हाला आणखी एक सांगतो. पुढचे काही आठवडे तुम्ही एकटं राहायचं नाही. घरी कोणीतरी असल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही."

दुपारी ऑफिसातली एचआरची बाई फुलं घेऊन आली. फुलं सुंदर होती. तिनं गोड आवाजात सांगितलं की साहेबाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं आहे, ते पुढं चालू ठेवायचं की नाही हे पुढच्या तपासणीवर ठरेल. रक्तदाब ताब्यात आला आणि डॉक्टरनं फिट म्हटलं तर राहा, नाही तर कंपनी तुम्हाला मानानं घरी पाठवेल. ती गेल्यावर साहेब छताकडं बघत मला म्हणाला, "घरी म्हणजे कुठं, ते तिनं सांगितलं नाही."

मग त्यानंच सांगितलं. तिकडं एक घर आहे, कुलूपबंद. बायको केव्हाच वेगळी झाली. मुलगा दुसऱ्या गावात असतो, नाताळला शुभेच्छा पाठवतो. शेजारी चांगले आहेत, म्हणजे कधी त्रास देत नाहीत. "तिथं पडलो असतो तर वास आल्यावर कळलं असतं," तो म्हणाला. गोदामातला माल कमी आलाय हे सांगावं तशा आवाजात म्हणाला. मला एकदम राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी सफरचंद कापायला घेतलं.

संध्याकाळी खोलीवर विषय निघाला. आमच्या खोलीतली चौथी खाट रिकामी होती, तिच्यावरचा फिटर कायमचा गावी गेलेला. मेकॅनिक म्हणाला, "आनूया की तेस्नी रूमवर. खाट मोकलीच हाय."

साहेबाला खैतानात आणायचं म्हणजे हत्तीला गोठ्यात बांधायचं. पण बोलता बोलता गोष्ट ठरली, कारण नाही कोणी म्हणायचं हाच प्रश्न होता आणि तिघांतला एकही त्याला तयार होईना. इमारतीच्या राखणदारानं थोडी कुरकुर केली. इथं फक्त बॅचलर राहतात, म्हणाला. मी त्याला समजावलं की या माणसाला बायको नाही, पोर जवळ नाही, घरी कोणी वाट बघत नाही. आमच्या मजल्यावर पहिल्यांदाच एक खराखुरा बॅचलर राहायला येत होता.

साहेब आला तो एक बॅग आणि हॉस्पिटलची कागदांची पिशवी घेऊन. खोली बघून तो थोडा वेळ दारातच उभा राहिला. मग म्हणाला, व्हेरी नाइस. युरोपातली माणसं खोटं बोलतात तेव्हाही किती सभ्यपणे बोलतात.

त्याचं फ्लॅटवरचं बाकीचं सामान आणायला सुतार गेला होता. न्हाणीघरातल्या बाटल्या ओतून टाकायचं काम त्याच्याकडं दिलं होतं. परत यायला त्याला फार वेळ लागला आणि आल्यावर तो नेहमीपेक्षा मोकळेपणानं हसत होता. विचारलं तर म्हणाला, "खराब झालेली काय ता बघूक नको?" सिगरेटचा बंदोबस्त मात्र खालच्या बकालावाल्या चाचांनी केला. बकाला म्हणजे इथलं किराणा-दुकान. चाचा दापोलीकडचे, सगळ्या गल्लीला उभा जन्म सिगरेट विकतात. पण साहेब खाली उतरला की त्यांचं एकच उत्तर, "मुदीर, सिगरेट खलास." मुदीर म्हणजे अरबीत साहेब. पाठीमागं छतापर्यंत पाकिटं रचलेली असताना हे वाक्य बोलायला छाती लागते. साहेब त्या पाकिटांकडं बघायचा, चाचांकडं बघायचा, आणि केळी घेऊन वर यायचा.

आता पथ्याचं. हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या बाई पुण्याच्या निघाल्या. मी मराठी म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, पण पुण्याच्या असल्यामुळे त्यांनी तो दाखवला नाही. म्हणाल्या, "मीठ बंद म्हणजे बंद. 'चवीपुरतं' हा शब्द माझ्यापुढं काढू नका. स्वयंपाक कोण करणार?" मी म्हणालो, आमच्यात पाळी असते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मग तिघांनीही ऐकून घ्या."

पाळी म्हणजे स्वयंपाकाची. आज मी, उद्या सुतार, परवा मेकॅनिक. आणि खोलीचा दुसरा नियम असा की टोप एकच चढणार. कुणाला काय आवडतं, कुणाला काय सोसत नाही, हे लाड इथं नाहीत. एका खोलीत दोन टोप चढले की खोली फुटली, हे आम्ही इतर खोल्यांत बघितलंय. त्यामुळे एकाला पथ्य लागलं की ते सगळ्यांना लागतं. मेकॅनिकला मागं कावीळ झाली होती तेव्हा त्याच्याबरोबर आम्हीही बिनतेलाचं खाऊन पिवळे पडलो होतो. युरोपातल्या त्या पुस्तिकेत लिहिलं होतं, तुमचं आरोग्य ही तुमची स्वतःची जबाबदारी आहे. आमच्या खोलीत कुणाला स्वतःचं असं आरोग्यच नव्हतं.

तेव्हा साहेबासाठी सगळ्यांचं जेवण अळणी झालं. अळणी वरण, अळणी भात, अळणी दुधीची भाजी. पहिल्या दिवशी सुतारानं एक घास घेतला आणि ताटाकडं बघत राहिला. "ह्येका जेवाण म्हणतत? आमच्याकडे ह्या म्हशीक घालतत." पण उठला नाही. साहेब बापडा खाली वर्तमानपत्रावर बसून जेवत होता. त्याला मांडी घालता येत नव्हती, पाय कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं, एक पाय माझ्या ताटाजवळ आणि दुसरा मेकॅनिकच्या पाठीमागं. तो म्हणाला, व्हेरी नाइस. या वेळी तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटलं.

खरंच सांगतो, साहेब आमच्या डोळ्यांदेखत सुधारत गेला. संध्याकाळी मेकॅनिक त्याला गल्लीतून फिरवून आणायचा. सलूनवाला, इस्त्रीवाला, खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, भट्टीवरचा अफगाण, सगळे त्याला सलाम करायला लागले. साहेबाला चार लोकांनी वाटेत थांबवून "तब्येत कशी" विचारलं की तो एवढा गोंधळायचा की खरी तब्येत सांगायला लागायचा. हळूहळू मांडी घालायला शिकला. झोप लागायला लागली, आणि लागली की असा घोरायचा की सुताराचं घोरणं आम्हाला लाजरं वाटायला लागलं. जेवताना मात्र तो गप्प बसून आमची भांडणं ऐकायचा. आम्ही कशावरूनही भांडतो. त्याला एक शब्द कळत नसे, पण कोण जिंकतंय ते बरोबर कळायचं.

पण माणसाची जीभ फार हुशार असते. अळणी जेवण घशाखाली उतरवायला काहीतरी तोंडी लावायला हवं, एवढाच साधा विचार होता. आधी एक भाजलेला पापड. मग सुताराच्या घरून आलेलं कैरीचं लोणचं. मग सांडगी मिरची. मग चाचांनी साहेबासाठी म्हणून खास दिलेले सुके बोंबील, चुलीवर भाजल्यासारखे गॅसवर भाजून. मग सुकटीची चटणी. आमच्या ताटात आता वरण-भात मधोमध बेटासारखा दिसायचा आणि सगळीकडून तोंडी लावणं. साहेबाला सांडगी मिरचीचं वेड लागलं. डोळ्यांतून पाणी गळायचं, नाक लाल व्हायचं, आणि तो दुसरी मागायचा. आम्ही कौतुकानं द्यायचो. आजारी माणसाच्या तोंडाला चव आली म्हणजे तो बरा होतोय, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल.

आणि जेवण अळणीच होतं. त्याबाबतीत आमच्यावर कोणी बोट ठेवू शकलं नसतं. वरणाला मीठ नाही, भाजीला मीठ नाही. चुकून पाळीवाल्याचा हात डब्याकडं गेला तर बाकीचे दोघे ओरडायचे.

तपासणीचा दिवस आला. साहेबानं इस्त्रीचा शर्ट घातला. मी त्याच्याबरोबर गेलो, कारण एव्हाना हॉस्पिटलच्या कागदांवर नातेवाइकाच्या जागी माझाच फोन नंबर होता. वजन कमी झालेलं, साखर चांगली, हृदयाचा आलेख चांगला, सिगरेट नाही, दारू नाही. डॉक्टर खूश. मग त्यानं दंडाला पट्टा गुंडाळला आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा गुंडाळला. रक्तदाब जिथल्या तिथंच. उलट थोडा वरच.

"मीठ खाता?" डॉक्टरनं विचारलं. साहेब छातीवर हात ठेवून म्हणाला, एक कणसुद्धा नाही. मीही शपथेवर सांगितलं. डॉक्टर बुचकळ्यात पडला. त्यानं पुण्याच्या बाईंना बोलावलं. त्यांनी मला विचारलं, "दुपारचा डबा आणलाय?" आणला होता. तपासणीला उशीर होईल म्हणून सुतारानं बांधून दिला होता. त्यांनी टेबलावर तो उघडला. पहिल्या पुडात भात. दुसऱ्यात वरण. त्यांनी बोट लावून चाखलं आणि मान डोलावली. मग तिसरं पूड उघडलं.

खोलीत बोंबलाचा वास पसरला. डॉक्टर इजिप्तचा, त्यांच्याकडंही खारवलेली मासळी खातात, त्यामुळे त्याला तो वास आपलाच वाटला असावा, तो पुढं वाकला. बाईंनी चिमटीत धरून एक मिरची बाहेर काढली, मिठानं पांढरी पडलेली. मग पापड. मग लोणच्याची फोड. त्यांनी मला विचारलं, "हे काय आहे?"

"तोंडी लावणं."

"आणि जेवण?"

"जेवण वरच्या दोन पुडांत. ते अळणी आहे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्या बघण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शनिवार पेठ, तिन्ही होत्या. मी खरंच गोंधळलो होतो. लहानपणापासून आजारी माणसाला पथ्याचं जेवण म्हणजे मऊ भात आणि कडेला पोह्याचा पापड, असंच बघत आलोय. पापड हा जेवणात मोजायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "याच्यात समुद्राएवढं मीठ आहे, काका." काका म्हणाल्या ते जास्त लागलं.

साहेबाला कळलं तेव्हा तो आधी हसला आणि मग पांढरा पडला. हातातली वेळ संपली होती. डॉक्टरला दया आली. म्हणाला, मी आज काही लिहीत नाही, दोन आठवड्यांनी या. ऑफिसला सांगा, तपासणी अपुरी आहे.

खोलीवर मी ही बातमी सांगितली. सुताराला ती मान्य नव्हती. "पापडात मीठ आमी खय घालतंव? तो दुकानातसूनच तसो येता." त्याच्या मते जे मीठ आपण आपल्या हातानं घातलं नाही त्याचं पाप आपल्याला लागत नाही. पण मग तो उठला, लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, मिरच्या, सुकी मासळी, सगळं एका खोक्यात भरलं, त्याला चारी बाजूंनी खिळे ठोकले, सुतारच तो, आणि ते खोकं खाली चाचांकडं ठेवायला दिलं. म्हणाला, "माज्या हातात ठेवलास तर मी उघडतलंय."

ते दोन आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. ताटात काकडी, लिंबू आणि एकमेकांची तोंडं. सुतार आणि मेकॅनिक क्षुल्लक कारणावरून तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, आणि दोघांच्या मध्ये बसून साहेब इकडचं लिंबू तिकडं पोचवत होता. पण कुणी बाहेर जाऊन चोरून खाल्लं नाही. निदान मी खाल्लं नाही. साहेब कधी कधी ताटाच्या रिकाम्या कडेकडं बघायचा, जिथं मिरची असायची तिथं, आणि मुकाट्यानं भात कालवायचा.

दुसऱ्या तपासणीला पट्टा गुंडाळल्यावर डॉक्टरनं मला मिठी मारली, साहेबाला नाही. रक्तदाब उतरला होता. त्यानं कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं, फिट. त्या दिवशी खोलीत आम्ही शिरा केला. साहेबानं आपल्या मायदेशी फोन केला नाही, कुणाला करणार, पण इस्त्रीवाल्यापासून भट्टीवाल्यापर्यंत सगळ्यांना तो कागद दाखवून आला.

दोन दिवसांनी एचआरच्या बाईनं बोलावलं. या वेळी फुलं आणखी मोठी होती. तिनं साहेबाचं अभिनंदन केलं. मूळ ऑफिसनं त्याच्या जागी नवा माणूस केव्हाच नेमला होता, नुसती अडचण एवढीच होती की आजारी माणसाला विमानात बसवता येत नाही. आता डॉक्टरनंच फिट म्हटल्यावर तिकीट काढायला हरकत नव्हती. कंपनीला त्याच्या तब्येतीची फार काळजी होती, ती का, ते आता कळलं. आम्ही तीन बॅचलरांनी महिना-दीड महिना म्हशीचं खाणं खाऊन त्याला अगदी घरी पाठवण्याजोगा ठणठणीत केला होता.

मेकॅनिक एवढा चिडला की त्यानं एचआरच्या केबिनचा एसी दुरुस्त करायला जायचं नाकारलं. ते आम्हाला जमण्यासारखं एवढंच बंड होतं. विमानतळावर आम्ही तिघं गेलो. साहेबानं प्रत्येकाशी हात मिळवला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, वाकून सुताराच्या गळ्यात पडला. सुतार कमरेएवढा, साहेब ताडाएवढा. सुतार त्याच्या कोटात तोंड खुपसून म्हणाला, "एकट्यान जेव नको रे." मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं नाही. साहेबाला कळलं असावं.

तेव्हापासून साहेब आमच्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करतो. तिकडं त्याचीही तीच जेवायची वेळ धरली आहे त्यानं. आम्ही फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मध्ये ठेवतो. तो टेबलाशी बसलेला दिसतो, मागं मोठी खिडकी, बाहेर कायम तिन्हीसांज. ताटली वाकडी करून दाखवतो. उकडलेला बटाटा, मासा, बिनमिठाचा. आम्ही भांडतो, तो ऐकतो. त्याच्या देशातल्या पुस्तिकेत हे उपचारात धरतील की नाही, माहीत नाही.

गेल्या आठवड्यात जेवता जेवता त्यानं मला विचारलं, "तुझी मुलगी लग्न होऊन गेली ना? आणि मुलगा शहरात?"

हो, म्हणालो.

"मग तुझी बायको कुणाबरोबर जेवते?"

सुतार भात कालवता कालवता थांबला. मेकॅनिक पाणी आणायला उठला, बाटली समोर भरलेली होती. त्यांच्याही बायका गावीच असतात. मी काहीतरी बोललो, शेजारपाजार आहे, माणसं चांगली आहेत, असं काही. बोलल्यावर आठवलं की हेच वाक्य मी हॉस्पिटलात साहेबाच्या तोंडून ऐकलं होतं. साहेबानं पुढं विचारलं नाही. त्यांच्याकडं कुणाच्या खासगी गोष्टीत शिरत नाहीत.

शुक्रवारी सुट्टी. आमच्या संध्याकाळच्या चहाला गावी जेवणाची वेळ होते. एरवी मी बायकोला सकाळी फोन करतो, लाइटबिल, मुलाचं लग्न, छपराची कौलं, असं विषयवार. त्या दिवशी मी मुद्दाम त्या वेळी लावला, आणि तोही व्हिडिओवर. तिनं उचलला, घाबरून, अवेळी फोन म्हणजे काहीतरी वाईट. मी म्हणालो, सहज केला. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मागं गॅसवर काही नव्हतं.

"जेवलीस?"

"हो, झालं मघाशी."

"काय जेवलीस?"

इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला उत्तर तयार ठेवायची सवय नव्हती. म्हणाली, "चहा नि टोस खाल्ले. एकटीसाठी कोण टाकतंय भात? आणि कालपण तेच, म्हणजे रोज नाही हां. तुम्ही काय आज हे घेऊन बसलात?"

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रीजवर दिसत होत्या. ती बारीक झाली आहे हे मला त्या दिवशी दिसलं, आणि मी फोन दुसऱ्या हातात घेतला. युरोपात याला धोका म्हणतात, गुळगुळीत कागदावर छापतात. आमच्याकडं याला संसार म्हणतात. मी तिला म्हणणार होतो, उद्यापासून भात टाक, मी या वेळी फोन लावतो, आपण बरोबर जेवू. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात तीच म्हणाली,

"अहो, त्या तुमच्या साहेबांचं काय? तिकडं गेल्यावर जेवतात का वेळेवर? त्यांना सांगा हो, एकट्या माणसाची जेवणाची फार हेळसांड होते."

सांगतो, मी म्हणालो.